आधी साल विचारा

पेशवाईतले एखादे मोडी पत्र अभ्यासकाच्या हाती आले, म्हणजे मजकुरात शिरण्यापूर्वी तो त्याचे साल शोधू लागतो. कित्येक पत्रांवर चंद्र असतो, महिना असतो. वर्षाचा मात्र पत्ता नसतो. फौज निघाली आहे, रुपये पाठवावेत, एवढा मजकूर वाचून काय कळणार? कोणती फौज, कोणत्या स्वारीची, हे साल ठरल्यावरच उमगते. तारीख लागली की मुके पत्र बोलू लागते. इतिहासाच्या वर्गात आम्ही मुलांना हे पहिल्याच महिन्यात सांगतो, आणि मुलेही ते परीक्षेपुरते लक्षात ठेवतात!

आज हीच रीत एका अगदी निराळ्या वस्तूला लावून पाहू. ती वस्तू म्हणजे अमेरिकेतली जुनी पिकअप गाडी आणि तिच्या पोटातला स्वयंचलित गिअरबॉक्स. पुढे दोनतीन माणसांची बैठक, मागे उघडा हौदा, अशी ही गाडी. तिकडचे गवंडी, सुतार, शेतकरी अशा तीस-चाळीस वर्षांच्या गाड्या आजही पोटासाठी चालवतात. एके दिवशी ती चढावर कण्हू लागते, गिअर उशिरा बदलते, नाहीतर मागे जायचेच नाकारते. मग कोणीतरी निकाल देऊन मोकळा होतो, 'गिअरबॉक्स गेला.' हा निकाल साधा नाही बरे. असा गिअरबॉक्स नव्याने बांधायचा तर खर्च कित्येकदा गाडीच्या किमतीलाच येऊन भिडतो. म्हणजे गाडी मोडीत, आणि तिच्यावर चालणारा धंदाही तिच्याबरोबर. आणि खरा दोष कधीकधी वीतभर रबरी नळीचा असतो! तेव्हा हा निकाल खरा की घाईचा, हे ठरवायचे कसे? माझे म्हणणे असे की, येथेही आधी साल विचारावे.

कारण सांगतो. साध्या गिअरची गाडी चालवणाऱ्या माणसाला गिअर केव्हा बदलावा हे कसे कळते? त्याला दोन गोष्टी ठाऊक असतात. गाडी किती वेगाने चालली आहे, ही एक. आणि इंजिनावर किती भार पडला आहे, ही दुसरी. खंबाटकीचा घाट चढताना इंजिनाचा आवाज जड झाला की ड्रायव्हरचा डावा पाय आपोआप क्लचवर जातो. हे ज्ञान त्याच्या कानांत आणि पायांत असते. स्वयंचलित गिअरबॉक्सचा सगळा इतिहास म्हणजे हे ज्ञान माणसाच्या पायांतून काढून यंत्राच्या पोटात कसे घातले, त्याचा इतिहास होय. वेग आणि भार, या दोन बातम्या गिअरबॉक्सपर्यंत पोचवायला कोणीतरी जासूद हवा. दर पिढीला हा जासूद बदलला. आधी लोखंडी दांडी, मग हवेची ओढ, मग तारेची केबल, आणि शेवटी वीज. जासूद चुकीची बातमी देऊ लागला की गिअरबॉक्स चुकीचे वागतो. आणि लोक जासुदाला सोडून राजालाच फाशी देतात!

आता थोडे मागे जाऊ. हेन्री फोर्डची मॉडेल टी ही मोटार १९०८ साली निघाली. तिच्यात गिअर होते ते ग्रहमालेसारखे. मध्ये सूर्यचाके आणि त्यांच्याभोवती फिरणारी लहान ग्रहचाके. यातला एक भाग धरून ठेवला की एक गती मिळते, दुसरा धरला की दुसरी. हे धरण्यासोडण्याचे काम ड्रायव्हर पायाने करीत असे. याच मोटारीवर फोर्डने १९२५ साली कारखान्यातूनच हौदा बसवून पिकअप विकायला काढली. किंमत होती २८१ डॉलर. ग्रहमालेची ही चाके पुढे जवळजवळ सगळ्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये टिकली. बदलला तो त्यांना धरणारा पाय.

दुसरा धागा जहाजांकडून आला. जर्मनीत हेर्मान फॉटिंगर नावाचा एक इंजिनिअर स्टेटिनच्या व्हल्कन गोदीत काम करीत होता. जहाजाची टर्बाइन फार जलद फिरते आणि पाण्यातला पंखा हळू फिरायला हवा, ही त्याच्यापुढची अडचण. त्याने १९०५ साली पेटंट घेतले ते द्रवातून शक्ती नेण्याच्या युक्तीचे. दोन टेबलपंखे समोरासमोर ठेवा आणि त्यांतला एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. दोघांत स्पर्श नाही, तरी गती पोचली. हवेच्या जागी तेल घाला आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात कोंडा, की झाले फॉटिंगरचे यंत्र. या दोघांच्या मध्ये परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा देणारे तिसरे चाक बसवले, तर गती कमी होऊन जोर वाढतो. यालाच टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. गाडी गिअरमध्ये उभी असली तरी इंजिन बंद पडत नाही आणि क्लचच्या पायाची गरज उरत नाही, ती या तेलाच्या कृपेने.

हे दोन धागे एकत्र विणले ते जनरल मोटर्सच्या कारखान्यात. अर्ल थॉम्प्सन या इंजिनिअरच्या पुढाकाराने तयार झालेला हायड्रा-मॅटिक नावाचा चार गतींचा गिअरबॉक्स १९३९ साली जाहीर झाला, आणि १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारींत तो ५७ डॉलर जादा मोजून मिळू लागला. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नव्हता, तेलाची साधी जोडणी होती. पण गिअर बदलण्याचा निर्णय मात्र यंत्र स्वतः घेत होते. तो कसा? गाडीच्या वेगाबरोबर फिरणारा गव्हर्नर नावाचा एक भाग वेग वाढेल तसा तेलाचा दाब वाढवतो. ॲक्सिलरेटरला जोडलेली दांडी पाय दाबला जाईल तसा दुसऱ्या बाजूने दाब वाढवते. मध्ये एक लहानशी सरकती झडप. एकाच दाराला दोन बाजूंनी दोघे रेटत आहेत असे समजा. वेगाचा रेटा जिंकला की वरचा गिअर पडतो; भाराचा रेटा जिंकला की खालचा. घाटातल्या ड्रायव्हरचे शहाणपण ते एवढ्याशा झडपेत येऊन बसले. पुढे दुसऱ्या महायुद्धात एम-५ या हलक्या रणगाड्यात कॅडिलॅकची दोन इंजिने आणि दोन हायड्रा-मॅटिक घातले गेले, तेव्हा या यंत्राची खरी कसोटी लागली आणि ते तिला उतरले.

पिकअपच्या वाट्याला ही चैन थोडी उशिरा आली. फोर्डच्या एफ-१०० गाडीत स्वयंचलित गिअरबॉक्स मागून घेता येऊ लागला तो १९५३ साली; शेव्हरोलेच्या अर्ध्या टनाच्या पिकअपमध्ये हायड्रा-मॅटिक १९५४ साली आला. याच १९५३ सालची एक गोष्ट आपल्या विषयाला फार उपयोगी आहे. १२ ऑगस्ट १९५३ रोजी मिशिगन राज्यात लिव्होनिया येथे हायड्रा-मॅटिकचा प्रचंड कारखाना जळाला. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी पेट घेतला आणि बघता बघता सगळे भस्म झाले. मग विलो रन येथे, जेथे युद्धात बी-२४ बाँबर विमाने बनत होती त्या इमारतीत, काही आठवड्यांत नव्याने काम सुरू झाले. पण मधल्या काळात मोटारी थांबवता येईनात. म्हणून काही कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिल मोटारींत ब्युइकचा डायनाफ्लो आणि काही पाँटियाकमध्ये शेव्हरोलेचा पॉवरग्लाइड बसवून त्या विकल्या गेल्या. म्हणजे नाव एका घराण्याचे आणि काळीज दुसऱ्याचे! इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटणार नाही. शिक्क्यावरून कागद खरा मानू नये, कागदच तपासावा. जुन्या पिकअपचेही तसेच आहे. इतक्या वर्षांत तिचा गिअरबॉक्स कोणीतरी बदललेला असू शकतो. म्हणून गाडीच्या सालाबरोबर गिअरबॉक्सचेही साल पाहावे. खाली वाकून तेलाच्या तसराळ्याचा आकार पाहिला, त्याचे बोल्ट मोजले, तरी बराच उलगडा होतो. जनरल मोटर्सचा टर्बो-हायड्रामॅटिक ३५० असेल तर बोल्ट १३, आणि नंतरचा ७००-आर-४ असेल तर १६.

आता एकेका जासुदाची गोष्ट ऐका.

पहिला जासूद दांडीचा. त्याच्याविषयी फार सांगायला नको. सांधे झिजले, दांडी वाकली, की भाराची बातमी चुकते. डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते.

दुसरा जासूद हवेचा. जनरल मोटर्सचा टर्बो-हायड्रामॅटिक ४०० हा १९६४ च्या गाड्यांत आला, आणि हलका ३५० हा १९६९ मध्ये. फोर्डचे त्या काळचे सी-४ आणि सी-६ हेही याच जातीचे. पेट्रोल इंजिन चालताना हवा ओढून घेते. पाय हलका असतो तेव्हा त्याच्या नळकांड्यातली ओढ जबर असते. पाय दाबला की ती कमी होते. या ओढीवरूनच भार ओळखायचा, अशी ही युक्ती. इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंत एक बारीक नळी जाते, आणि तिच्या टोकाला रबरी पडदा असलेली एक डबी असते. नळीचा रबर तडकला की ओढ पोचत नाही. गिअरबॉक्स समजतो की गाडी पूर्ण भाराने चढ चढते आहे. मग गिअर फार उशिरा आणि धाडकन पडतात. मालक म्हणतो गिअरबॉक्स गेला, आणि गेलेली असते ती नळी. डबीतला पडदा फाटला तर आणखी मौज. इंजिन त्या नळीतून गिअरबॉक्सचे तेलच पिऊ लागते. तेल रोज कमी होते, जमिनीवर थेंब नाही, आणि मागून पांढरा धूर. अशा वेळी डबीवरची नळी काढून पाहावी. नळीत तेल दिसले तर चोर सापडला म्हणून समजा. आणि ३५० जातीचा गिअरबॉक्स पहिल्या गतीतून वर जायलाच तयार नसेल, तर वेगाची बातमी देणारा गव्हर्नर पाहावा. त्याचे प्लास्टिकचे दातेरी चाक झिजते. तो बाहेरूनच, बाजूचे झाकण काढून निघतो. गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

तिसरा जासूद केबलचा. पेट्रोल महागल्यावर कमी इंधनात चालणाऱ्या गाड्यांची गरज पडली, आणि जनरल मोटर्सने १९८२ च्या गाड्यांत चार गतींचा ७००-आर-४ आणला. पिकअपमध्येही तो भरपूर वापरला गेला. यात ॲक्सिलरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत एक तारेची केबल जाते, आणि गिअर केव्हा पडावा हे तीच सांगते. आतल्या तेलाला किती दाब हवा हेही तीच सांगते. केबल ढिली राहिली, तर गिअर लवकर आणि अगदी अलगद पडतात. मालकाला वाटते, वा, काय मऊ चालते गाडी! पण ती मऊपणा नव्हे, दुखणे आहे. दाब कमी असल्याने क्लचच्या चकत्या घट्ट धरत नाहीत, घसरतात, तापतात. आणि तिसऱ्या-चौथ्या गतीच्या चकत्या थोड्याच दिवसांत जळून कोळसा होतात. गाडीचा कार्बुरेटर कोणी बदलला असेल, तर ही केबल नीट जुळवली आहे की नाही हे आधी पाहावे. हवेच्या काळातला मिस्त्री धक्क्याला भीत असे. केबलच्या काळात मात्र मऊपणालाच भ्यावे लागते. तेच लक्षण, पण साल बदलले की अर्थ बदलला!

चौथा जासूद विजेचा. १९९३ पासून याच गिअरबॉक्सची विजेवर चालणारी आवृत्ती, ४-एल-६०-ई, पिकअपमध्ये आली. आता भार आणि वेग मोजतो तो गाडीतला संगणक, आणि झडपा हलवतात ती सोलेनॉइड नावाची विजेची लहान लोहचुंबके. वीज पोचली नाही तर हा गिअरबॉक्स तिसऱ्या गतीतच राहतो आणि तेलाचा दाब सगळ्यात जास्त ठेवतो. यामागे हेतू एवढाच की गाडी कशीबशी घरी पोचावी. म्हणून उभ्या जागेवरून गाडी जड निघते, मागचा गिअर टाकताना हिसका बसतो, आणि वर-खाली गिअर पडतच नाही, अशी तक्रार आली तर पाना हातात घेण्यापूर्वी फ्यूज पाहावा, वायरींचे जोड पाहावेत. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींना संगणकाची तक्रार वाचण्यासाठी एकाच नमुन्याची खोबण सक्तीची झाली. तेव्हापासून हे निदान पुष्कळ सोपे झाले आहे.

जासूद चार झाले, पण एक गोष्ट चौघांच्याही काळात तीच राहिली. ती म्हणजे तेल. तेच शक्ती नेते, तेच दाब देते, तेच थंडावा देते. म्हणून कोणत्याही सालची गाडी असो, पहिली तपासणी तेलाची. गाडी सपाट जागी उभी करावी, तेल चांगले तापू द्यावे, इंजिन चालू ठेवावे, आणि मग डिपस्टिक काढून पाहावी. फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या गाड्यांत दांडा पार्कवर ठेवून, क्रायस्लरच्या गाड्यांत न्यूट्रलवर. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि चढावर किंवा वळणावर गाडी घसरते. जास्त असेल तर फिरती चाके ते घुसळतात, फेस होतो, आणि परिणाम तोच. लाल तेल तपकिरी होऊन जळका वास येत असेल तर चकत्या जळल्या. गुलाबी, दुधाळ दिसले तर रेडिएटरमधले पाणी आत शिरले आहे. अशी गाडी मुळीच चालवू नये. खालचे तसराळे उघडल्यावर तळाशी थोडा राखाडी गाळ असतोच, त्याला भिऊ नये. चकाकते धातूचे कण दिसले, तर मात्र भ्यावे.

तेलालाही त्याचे साल असते. जनरल मोटर्सने १९४९ साली टाइप-ए नावाचे ठरीव तेल काढले. १९६७ साली त्याची जागा डेक्सरॉनने घेतली. पूर्वीच्या या तेलांत स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल मिसळत, कारण त्याने चकत्यांची पकड मऊ होते. १९७० मध्ये अमेरिकेने त्या देवमाशाला संरक्षण दिले आणि रसायनकारांना दुसरे द्रव्य शोधावे लागले. समुद्रातल्या माशाचा आणि शेतावरच्या पिकअपचा असा संबंध असेल, हे कोणाला खरे वाटेल? फोर्डच्या त्या काळच्या गिअरबॉक्सना मात्र जास्त पकडीचे टाइप-एफ हे वेगळे तेल लागे. एकाचे तेल दुसऱ्यात घातले की चांगल्या गिअरबॉक्सच्याही तक्रारी सुरू होतात.

जासूद निर्दोष ठरला, तेलही ठीक निघाले, तरी दोष राहिला, तर मग आत शिरावे. पण तेही विचाराने. इतिहासात आम्ही याला अंतर्गत पुरावा म्हणतो. कोणत्या गती गेल्या आणि कोणत्या राहिल्या, त्यांचा मेळ घालावा. ३५० किंवा ४०० मध्ये तिसरी आणि मागची गती दोन्ही गेल्या, पहिली-दुसरी ठीक आहे. तर त्या दोन्ही गतींत काम करणारा एकच क्लच आहे, तो जळला. ४-एल-६०-ई मध्ये पहिली आणि तिसरी चालते, पण दुसरी, चौथी आणि मागची गेली. तर या तिन्ही गतींचा भार वाहणारे सूर्यचाकाचे कवच तुटले असा संशय घ्यावा. झाकण न उघडता आतला गुन्हेगार असा ओळखता येतो. ब्रेक दाबून गाडी जागच्या जागी जोराने रेटण्याची एक परीक्षा आहे. पण जुन्या ब्रेकवर ती करू नये. पाच सेकंदांहून जास्त रेटले तर तेल उकळते, आणि ब्रेक सुटला तर समोरच्या माणसाची धडगत नाही.

आपल्याकडे महाराष्ट्रात आता क्लचशिवायच्या गाड्या पुष्कळ दिसतात. त्यांतल्या कित्येक, २०१४ साली मारुती सेलेरिओबरोबर आलेल्या जातीच्या आहेत. त्यांत नेहमीचा गिअरबॉक्स आणि नेहमीची क्लचप्लेटच असते. पाय आणि हात मात्र यंत्राचे. वर सांगितलेले तेलाचे आणि कन्व्हर्टरचे शास्त्र त्यांना लागू पडत नाही. नाव 'ऑटोमॅटिक' एकच, पण घराणे निराळे. म्हणजे येथेही नाव बाजूला ठेवून आधी जात आणि साल विचारायला हवे.

एक गोष्ट शेवटी सांगावीशी वाटते. ज्ञान पायातून निघून यंत्रात गेले, यात दुःख करण्यासारखे काही नाही. ज्यांचे पाय अधू आहेत, अशा किती माणसांना त्यामुळे गाडी चालवता आली! पण ज्ञान यंत्रात गेले म्हणजे नाहीसे झाले असे नव्हे. ते त्या झडपेत, त्या पडद्यात, त्या केबलीत लिहून ठेवलेले आहे. वाचणारा मात्र हवा. वाचणारा नसेल तेथे फेकून द्या, नवा बसवा, हा एकच सल्ला उरतो, आणि त्याची किंमत गवंडी नाहीतर शेतकरी भरतो. साल विचारणारा मिस्त्री आणि साल विचारणारा अभ्यासक हे दोघे एकाच पेशाचे. दोघेही निकाल देण्यापूर्वी एक प्रश्न जास्त विचारतात. त्या एका प्रश्नाने कधीकधी एखाद्याची गाडी वाचते, आणि गाडीबरोबर त्याचे घरही.